येझदीच्या टाकीला आतून लेप: डिचोलीतल्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

तुळशीची लग्नं आटोपली, पाऊसही बहुतेक मागे फिरला. मामांची येझदी रोडकिंग पडवीतून अंगणात घेतली आणि टाकी उतरवली.

गाडी १९८३ ची. नंबर अजून 'जीडी'ने सुरू होतो, म्हणजे गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश होता त्या काळातला. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. नव्या बनावटीच्या टाक्या आज बाजारात मिळतात, पण या टाकीवरचा रंग कारखान्यातला आहे आणि मामांच्या गुडघ्यांनी तो दोन्ही बाजूंना झिजवला आहे. टाकी हीच वाचवायची आणि बाहेरच्या रंगाला धक्का लागू द्यायचा नाही, एवढं ठरवूनच पाना हातात घेतला.

तक्रार अशी की गाडी सुरू होते, थोडं अंतर नीट चालते आणि चढावर गुदमरते. जरा थांबलं की पुन्हा चालू. पेट्रोल कमी पोचत असल्याची ही सरळ खूण. टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकची (तोटीची) वाटी उघडली तर आत पिवळसर, मऊ पापुद्रे. बोटांत धरून ओढले की ताणले जातात.

टाकीत मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा सोडला आणि सगळा उलगडा झाला. आत कधीकाळी कुणीतरी लेप ओतलेला आहे. वरच्या बाजूला तो अजून धरून आहे, तळाला मात्र चिरगुटांसारखा सुटून लोंबतो आहे आणि त्याच्या मागे लाल गंज. मामांना विचारलं तेव्हा म्हणाले, "वीसेक वर्षांपूर्वी तळातून पाझर लागला होता. एकाने होड्यांना लावतात ते रेझिन आत फिरवून दिलं. तेव्हापासून ठिबकली नाही हो."

त्या वेळच्या पेट्रोलमध्ये ते टिकलं, हे खरंच. होडीचं रेझिन बहुधा पॉलिएस्टर जातीचं असतं, आणि पॉलिएस्टरला इथेनॉल सोसत नाही. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. त्यात ते मऊ पडतं, फुगतं आणि पत्र्याला सोडतं. शिवाय हे रेझिन गंजावरच ओतलेलं होतं. लेप पत्र्याला चिकटलाच नव्हता, गंजाला चिकटला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

लेप लावायचाच का, हा प्रश्न आधी सोडवला. माझं मत पक्कं आहे: टाकी भोकं न पडता फक्त गंजली असेल तर गंज काढावा, नीट सुकवावी, भरलेली ठेवावी आणि लेपाच्या वाटेला जाऊ नये. चांगला पत्रा उघडाच बरा. लेप हा शेवटचा उपाय आहे, कारण तो बिघडला तर काढण्याचं काम लावण्यापेक्षा कितीतरी अवघड. इथे मात्र पाझर जुना आहे, आणि तळाच्या सांध्यावर बाहेरूनही रंगाला फोड आले आहेत. म्हणजे पत्रा तिथे कागदाइतकाच उरला असणार. या टाकीला लेप हवा.

कोणता, ते आपणच तपासायचं ठरवलं. पत्र्याच्या पट्ट्या घासून स्वच्छ केल्या. एकीवर हार्डवेअरच्या दुकानातला साधा इपॉक्सी, दुसरीवर इंधनाच्या टाक्यांसाठी येणारा नोव्होलॅक जातीचा दोन भागांचा इपॉक्सी. दोन्ही आठवडाभर पक्के होऊ देणार आणि मग पंपावरच्या पेट्रोलच्या बरणीत बुडवणार. जुन्या लेपाचा एक तुकडा आजच वेगळ्या बरणीत टाकला. बरण्या घरापासून लांब, गोठ्याच्या मागे सावलीत.

एक घटक वापरून हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होणारे युरेथेनचे लेपही मिळतात आणि ते वाईट नाहीत. पण पत्र्यावर पाण्याचा अंश राहिला तर त्यात वायू धरतो आणि बुडबुडे येतात. डब्याचं झाकण एकदा उघडलं की उरलेला मालही डब्यातच दगड होतो. गोव्याच्या हवेत मी त्या वाटेने जाणार नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

टाकी आठवडाभर उघडी, उलटी ठेवली होती. रिकाम्या टाकीबद्दल इथे स्पष्ट लिहून ठेवतो: पेट्रोल भरलेल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली टाकी जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. जवळ विडी नको, ग्राइंडर नको, हीट गन तर नकोच.

ही दोन स्ट्रोकची गाडी, त्यामुळे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं. इतक्या वर्षांचा तेलकट थर आत बसलेला असतो आणि तो गेल्याशिवाय पुढची कुठलीही रसायनं पत्र्यापर्यंत पोचत नाहीत. चार स्ट्रोकच्या टाकीवर काम केलेली माणसं हे विसरतात. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण घालून पुन्हा पुन्हा हलवून ओतलं. शेवटचं पाणी आत गोळे न होता पातळ पडद्यासारखं पसरू लागलं, तेव्हा थांबलो.

मग बाहेरून टाकीला प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळला, कडांना व्हॅसलीन फासलं आणि आत पेंट रिमूव्हर. हे रसायन हातावर आणि छातीत दोन्हीकडे बाधतं. जाड हातमोजे, कार्बन कॅनिस्टरचा मास्क, आणि वारा पाठीवर घेऊन उघड्या अंगणात. सुटलेली चिरगुटं लांब चिमट्याने ओढून काढली. वापरलेलं रिमूव्हर बंद कॅनमध्ये भरून ठेवलंय. आमची विहीर अंगणातच आहे, तेव्हा मातीत एक थेंबही जाऊ दिला नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेजारी घराचं बांधकाम चाललंय आणि रविवारी कॉन्क्रीटचा मिक्सर रिकामा असतो. टाकीत साखळीचे तुकडे घातले (एकमेकांत अडकलेली साखळी ओढली की सगळी बाहेर येते, सुटे नट कोपऱ्यात बसून राहतात), टाकी जुन्या गोधड्यांत गुंडाळली, मिक्सरमध्ये दाबून बसवली आणि मंद फिरवत ठेवली. अधूनमधून बाजू बदलली. टाकी चौकटीवर बसते त्या तळाच्या बोगद्यासारख्या खाचेच्या दोन्ही अंगांना जो कोपरा होतो तिथपर्यंत साखळी पोचावी, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

बाहेर आला तो लाल चुरा बघून एक गोष्ट मनात आली. आमच्या तालुक्यातून वर्षानुवर्षं जे खनिज ट्रक भरभरून गेलं, त्यात हेमेटाइट मुख्य, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइडच. टाकीतला गंजही त्याच कुळातला. ओलावा आणि हवा मिळाली की लोखंड आपल्या मूळ रूपाकडे परत जाऊ पाहतं. आपण त्याला थोडा काळ अडवतो.

इपॉक्सीच्या दोन्ही पट्ट्या आज पेट्रोलमध्ये बुडवल्या.

२२–२३ नोव्हेंबर

इलेक्ट्रोलिसिस. टाकी काठोकाठ पाण्याने भरली, दर लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. तोंडातून साध्या लोखंडाची सळी आत सोडली, तिच्यावर भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप, म्हणजे ती पत्र्याला टेकणार नाही. जुन्या पद्धतीच्या १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचा पॉझिटिव्ह सळीला, निगेटिव्ह टाकीला. उलटं जोडलं तर टाकीच खाल्ली जाते, म्हणून बटण दाबण्याआधी दोघांनी पाहायचं. मी पाहिलं, मग मामांना दाखवलं.

स्टेनलेसची सळी वापरू नये. ती झिजत नाही म्हणून लोकांना बरी वाटते, पण तिच्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. बांधकामातली साधी सळी चांगली.

टाकीच्या तोंडावर फेस येतो तो हायड्रोजन. त्यामुळे हे काम उघड्यावर, आणि क्लिप काढायच्या आधी चार्जर बंद, नाहीतर ठिणगी पडते. करंट सळीच्या समोरच्या भागावरच नीट काम करतो, म्हणून सळी वाकवून दोन्ही अंगांना आळीपाळीने रोखली. रात्रभर चालू ठेवून सकाळी पाणी ओतलं: लाल गंज जाऊन काळा, बोटाने पुसला जाणारा थर उरला होता. तो प्रेशर वॉशरने निघाला आणि कित्येक वर्षांनी राखाडी पत्रा दिसला.

भोकंही दिसली. डाव्या अंगाला तळाच्या सांध्यालगत सुईएवढी चार-पाच, उजवीकडे दोन. इतके दिवस गंज आणि रेझिन मिळून बूच झाले होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते नेमकं या खळग्यांत साचतं आणि तिथूनच टाकी खाल्ली जाते.

पत्रा उघडा राहू नये म्हणून टाकीत पुन्हा सोड्याचं पाणी भरून ठेवलं. भोकांना बाहेरून टेप. सोड्याच्या पाण्यात लोखंड गंजत नाही, हे फार उपयोगाचं आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

म्हापशाला पत्र्याचं काम करणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी टाकीच्या तोंडाला नाक लावलं आणि काही न बोलता आत पुन्हा उकळतं पाणी ओतलं. मला म्हणाले, "बाब, वास नसला तरी सांध्यात तेल असतं. लोखंड तापलं की ते बाहेर येतं."

गॅसची ज्योत त्यांनी लावली नाही. एवढ्या पातळ पत्र्यावर ज्योत धरली की भोकाचा खड्डा होतो. सोल्डरिंगचा तांब्याचा जाड ठोकळा तापवून सोल्डर दिला, टाकीत भोकाच्या खालपर्यंत पाणी भरून, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही. प्रत्येक भोकाभोवती आधी पत्रा चकचकीत घासला. काम त्यांच्या हातात वेगळंच दिसतं. घाई नाही, आणि सोल्डरचा एक थेंबही वाया नाही.

लेप लावायचा असूनही सोल्डर का? कारण लेपाने भोक बुजतं, पण पत्र्याला ताकद येत नाही. इंजिनाच्या थरथरीने भोकाभोवतीचा पत्रा हलत राहिला तर लेपाला तडा जातो. बळकटी धातूने द्यावी, लेपाने राखण करावी.

घरी येऊन टाकीची तोंडं रबराच्या बुचांनी बंद केली आणि सायकलच्या पंपाने जेमतेम दोन पीएसआय हवा भरली. याहून जास्त भरू नये, बाजू फुगतात. तळ पाण्यात बुडवला. बुडबुडा नाही.

६ डिसेंबर, शनिवार

बरण्यांचा निकाल. जुना लेप: गोळा झालाय, काडीने ढवळता येतो, पेट्रोल पिवळं. साधा इपॉक्सी: दिसायला ठीक, पण नखाने ओरखडा उठतो. नोव्होलॅक: नख घसरतं, कडा सुटलेली नाही. एवढ्यावर मला निर्णय पुरेसा आहे.

आणखी एक बरणी केली होती, मामांना दाखवायला. ई२० मध्ये थोडं थोडं पाणी घालत गेलो. आधी ते विरून गेलं, काहीच दिसलं नाही. मग एका क्षणी सगळं गढुळलं आणि तळाला वेगळा थर उतरला: पाणी आणि इथेनॉल. दोन स्ट्रोकच्या ऑइलला त्या थरात जागा नसते. टाकीचा कॉक तळाला, म्हणजे इंजिन पहिलं तेच ओढणार, बिनतेलाचं. मामा बराच वेळ बरणी हातात धरून बसले. गाडी पावसाळ्यात पडवीत अर्ध्या टाकीवर उभी ठेवायची त्यांची सवय आता जाईल असं वाटतं. रिकाम्या अर्ध्या भागातल्या दमट हवेतूनच हा ओलावा आत येतो.

७–१२ डिसेंबर

आठवडाभर रोज हवेचं तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवली. सकाळी सातला २२–२३ अंश आणि ८५ टक्क्यांच्या वर, अंगणात दंव. साडेअकराच्या सुमाराला ३१–३२ अंश आणि ४५ ते ५०. दुपारनंतर समुद्राकडचा वारा सुटला की आर्द्रता पुन्हा चढते, अगदी इथे डिचोलीपर्यंत. म्हणजे सकाळचं दंव उतरल्यापासून खारा वारा येईपर्यंतची वेळ आपली. रंगकामातला नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं, त्यापेक्षा) किमान तीन अंशांनी जास्त हवं. साडेअकराला दवबिंदू विशीच्या आसपास असतो, तेव्हा उन्हात ठेवलेल्या टाकीला काळजी नाही. रात्रीची गार टाकी सकाळी आठला उघडली तर मात्र ती आतून घामेजते आणि डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

हेच जून-जुलैत करायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. माझी कळकळीची विनंती आहे, गोव्यात हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीच करा.

१३ डिसेंबर, शनिवार

सोड्याचं पाणी ओतलं, भरपूर साध्या पाण्याने धुतलं. लगेच फॉस्फरिक आम्ल. टाकी सगळ्या बाजूंवर थोडा थोडा वेळ ठेवत फिरवली, तळाला जास्त वेळ. या आम्लाने उरलासुरला गंज जातो आणि पत्र्यावर फॉस्फेटचा राखट थर येतो, ज्याला लेप घट्ट धरतो. डबकं साचून आम्ल आतच वाळू द्यायचं नाही, चिकट राहतं.

धुऊन झाल्यावर खरी शर्यत. उघडा पत्रा ओला असेल तर आपल्या हवेत काही मिनिटांत तांबूस होतो. पाणी निथळलं की लगेच अॅसिटोन आत, हलवून बाहेर, पुन्हा ताजं अॅसिटोन. ते सांध्यातलं पाणी आपल्याबरोबर घेऊन येतं. मग गार हवेचा ब्लोअर लांबून, नळीने, अॅसिटोनचा वास पूर्ण जाईपर्यंत. वास असताना गरम हवा कदापि नाही. वास गेल्यावर टाकी उन्हात, तोंडावर मलमल बांधून. संध्याकाळी आत सिलिका जेलच्या पिशव्या दोऱ्याला बांधून सोडल्या आणि सगळी तोंडं बंद.

कॅमेऱ्यात आतला पत्रा एकसारखा राखाडी दिसतोय. मला हे दृश्य फार आवडलं.

१४ डिसेंबर, रविवार

दहाला टाकी बाहेर काढून उन्हात ठेवली, साडेअकराला सावलीत आणली. आर्द्रता ४६.

कॉकच्या आट्यांमध्ये ग्रीस लावलेला बोल्ट. तोंडाच्या कडेला व्हॅसलीन, बाहेरून सगळीकडे प्लास्टिकचा कागद दोन थर. इपॉक्सी रंगावर पडला तर कायमचा.

दोन्ही डबे रात्रभर आतल्या खोलीत गार फरशीवर ठेवले होते. कालवलेल्या इपॉक्सीची मुदत दर दहा अंशांना साधारण निम्मी होते. डब्यावर लिहिलेली वेळ थंड देशातली असते आणि आपल्याकडे बत्तीस अंशांच्या उन्हात ती पुरत नाही. प्रमाण अंदाजाने नाही, काट्यावर तोलून. कालवताना डब्याच्या कडा आणि तळ खरवडून घेतले, कारण तिथला न मिसळलेला माल कधीच घट्ट होत नाही.

मग ओतलं, बूच लावलं आणि दोघांनी मिळून टाकी फिरवायला सुरुवात केली. हळू. आधी तळ, मग डावं अंग, उजवं, पुढचं नाक, शेपटी, आणि उलटी करून छत. प्रत्येक बाजूवर टेकवून मनात वीस मोजायचे. आवाज ऐकायचा: आधी पाण्यासारखा डुचमळतो, मग जड होतो, मग ऐकूच येत नाही. आवाज जड होऊ लागला तसं बूच काढून उरलेला माल निथळू दिला. तळात डबकं राहिलं तर ते जाड गोळा होऊन कॉकची जाळी अडवतं. त्यानंतरही बराच वेळ टाकी फिरवत राहिलो, म्हणजे थर एका बाजूला ओघळत नाही. लेप पुरता बसायच्या आत ग्रीसचा बोल्ट काढला, आट्या कापडाने पुसल्या.

समुद्राचा वारा सुटला तेव्हा टाकी आतल्या खोलीत, तोंडावर मलमल.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मुक्तिदिनाची सुट्टी. कॅमेरा टाकला: सलग, चकचकीत, एकही टोचा नाही. डाव्या कोपऱ्यात सोल्डरवरून थर नीट वाहिलाय. लेपाचा हलका वास अजून आहे, म्हणजे पेट्रोल इतक्यात भरायचं नाही. रोज दुपारी टाकी उन्हात, संध्याकाळी आत.

२८ डिसेंबर, रविवार

वास गेला. उरलेल्या मालाचा काठीवर ठेवलेला गोळा हातोडीने फुटतो, चेपत नाही. पुन्हा हवेची चाचणी, पुन्हा बुडबुडा नाही.

इथेनॉलला चालणारी नवी नळी बसवली, कॉकची बुचाची जुनी वायसरं बदलली. टाकीच्या झाकणातलं श्वासाचं बारीक भोक तारेने मोकळं केलं. ते बंद असेल तर टाकीत पोकळी होते आणि लोक दोष लेपाला देतात. नळीत पारदर्शक फिल्टर घातला, आधी ऑइल मिसळलेलं पेट्रोल फक्त दोन लिटर. ते हलवून ओतून टाकलं, मग भरली.

मामांनी स्वतः किक मारली, तोच दांडा पुढे ढकलून गिअर टाकला आणि मयेच्या तळ्यापर्यंत जाऊन आले. फिल्टर स्वच्छ.

आता राहिलेली कामं: कार्बोरेटर उघडून जुन्या पापुद्र्यांचा चुरा जेटमध्ये (पेट्रोल जातं त्या बारीक छिद्रात) अडकलाय का ते पाहणं, फ्लोटच्या वाटीचं गॅस्केट, आणि मे अखेर टाकी काठोकाठ भरून ठेवणं. गणपतीनंतर एकदा कॅमेरा आत सोडून डाव्या सांध्याचा फोटो घेईन आणि आजच्या फोटोशेजारी ठेवून पाहीन.